आदिवासी हक्कांचा १९८९ चा जागतिक करार भारताने मंजूर करावा, खासदारांकडे मागणी करूया

तोरणमाळ

९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन, झाला. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंत मिरवणुका निघाल्या, ढोल वाजले, सगळ्या पक्षांचे बॅनर लागले, आणि लागायलाच पाहिजेत, आमचा दिवस आहे. पण हा दिवस ९ ऑगस्टलाच का, हे स्टेजवरून कोणी सांगितलेलं मी तरी ऐकलं नाही. १९८२ साली याच तारखेला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक झाली, जगभरातल्या आदिवासींचे प्रश्न ऐकण्यासाठी. त्या गटाने जो मसुदा करायला घेतला तो रखडत रखडत शेवटी १३ सप्टेंबर २००७ ला आमसभेत जाहीरनामा म्हणून मंजूर झाला. बाजूने १४४ देश, विरोधात ४, तटस्थ ११. भारत बाजूच्या १४४ मध्ये आहे, ही अभिमानाची गोष्ट.

पण मत देतानाच आपल्या प्रतिनिधीने खुलासा केला की स्वातंत्र्याच्या वेळी भारतात असलेली सगळी लोकसंख्या आणि त्यांचे वंशज आम्ही मूळनिवासीच मानतो. म्हणजे हो पण म्हटलं आणि ते हो नेमकं कोणासाठी तेही पुसून टाकलं. त्याच दिवसापासून दिल्लीचं हेच उत्तर आहे, सरकारं बदलली तरी उत्तर बदललं नाही, म्हणून मी कुठल्याही एका पक्षावर बोलत नाहीये.

जाहीरनामा बंधनकारक नसतो. बंधनकारक असतो तो करार, आणि असे दोन करार आहेत, दोन्ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे म्हणजे आयएलओचे. पहिला १९५७ चा, क्रमांक १०७, तो भारताने १९५८ मध्येच मंजूर केला आणि आजही तो आपल्यावर लागू आहे. त्यात आदिवासींचा परंपरेने वहिवाटीत असलेल्या जमिनीवर मालकी हक्क मान्य करा असं स्पष्ट लिहिलंय, पण त्याचा सगळा सूर असा की हे मागासलेले लोक आहेत, यांना हळूहळू बाकीच्यांत मिसळून टाका. तो सूर चुकीचा आहे हे खुद्द आयएलओनेच पुढे मान्य केलं आणि १९८९ मध्ये नवा करार केला, क्रमांक १६९. त्यात आदिवासींनी आदिवासी म्हणूनच राहायचा हक्क आहे, आपला विकास कसा व्हावा ते स्वतः ठरवायचा हक्क आहे, आणि कायदा करताना किंवा प्रकल्प आणताना त्यांच्याच संस्थांमार्फत त्यांना विचारलं पाहिजे असं बंधन आहे. २४ देशांनी मंजूर केलाय. आशियातून एकट्या नेपाळने, २००७ मध्ये. आपण नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की भारत सरकारने १६९ मंजूर करावा, आणि ही मागणी आपण मराठी माणसांनी, आदिवासी असो नसो, आपापल्या खासदाराकडे लेखी करावी. लोकांचं काय मत आहे ते सांगा, मग पत्राचा मसुदा इथेच करू.

सह्यकडा

धागा चांगला आहे पण माझे प्रामाणिक आक्षेप आहेत, राग मानू नका. आपल्याकडे राज्यघटनेची पाचवी अनुसूची (आदिवासीबहुल क्षेत्रांसाठी) आहे, राखीव जागा आहेत, त्या क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, २००६ चा वनहक्क कायदा आहे. जगातल्या किती देशांत आदिवासींसाठी एवढे कायदे आहेत? ते आधी नीट राबवा ना. जिनिव्हातल्या कागदाने तलाठी सुधारणार आहे का? आणि दुसरं, स्वयंनिर्णय वगैरे शब्द त्या जाहीरनाम्यात आहेत, आपला देश एवढा मोठा आणि एवढ्या विविधतेचा, उद्या कोणी त्याचा आधार घेऊन वेगळं व्हायचं म्हणाला तर? सरकार जपून पावलं टाकतंय त्याला काही कारण असेल असं मला वाटतं.

तोरणमाळ

राग कशाला दादा, हेच आक्षेप दिल्लीत पण घेतले जातात त्यामुळे इथे झालेले बरे.

फुटून निघण्याचं आधी सांगतो. जाहीरनाम्यात एकूण ४६ कलमं, त्यातलं शेवटचं ४६ वं कलम सांगतं की यातल्या कशाचाही अर्थ देशाची भौगोलिक अखंडता किंवा राजकीय ऐक्य मोडायला परवानगी असा लावता येणार नाही. आणि १६९ मध्ये तर पहिल्याच कलमात लिहून ठेवलंय की यात वापरलेल्या 'पीपल्स' म्हणजे जनसमूह या शब्दावरून आंतरराष्ट्रीय कायद्यातले वेगळे हक्क निघत नाहीत. ही भीती तेव्हा बऱ्याच देशांना होती म्हणूनच या ओळी घातल्या गेल्या. नॉर्वेने १९९० मध्ये सगळ्यात आधी करार मंजूर केला, नॉर्वे आहे तिथेच आहे. नेपाळ आहे तिथेच आहे.

"आम्ही सगळेच मूळनिवासी" या उत्तराचं तर १६९ समोर काही चालतच नाही, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. या कराराच्या नावातच मूळनिवासी आणि टोळीसमाज असे दोन्ही आहेत. कोण आधी आलं कोण नंतर आलं हा वाद ज्या देशात सुटत नाही त्यांच्यासाठीच दुसरा गट ठेवलाय. ज्यांची समाजरचना, संस्कृती, अर्थव्यवस्था देशातल्या बाकी समाजापेक्षा वेगळी आहे आणि जे पूर्ण किंवा काही प्रमाणात स्वतःच्या चालीरीतींनी चालतात ते या करारात येतात, हजारो वर्षांपूर्वी कोण कुठून आलं याचा पुरावा कोणी मागत नाही. आपली अनुसूचित जमातींची यादी तयार आहे. २०११ च्या जनगणनेत १० कोटी ४३ लाख माणसं त्या यादीत आहेत, एकट्या महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख. म्हणजे भारत सरकारला आपली भूमिका न बदलतासुद्धा हा करार मंजूर करता येतो! मग अडतंय कुठे?

"आहेत ते कायदे आधी राबवा" याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. पण राबवत नाहीत म्हणूनच बाहेरून विचारणारा कोणीतरी लागतो. करार मंजूर केला की सरकारला ठराविक काळाने अहवाल द्यावा लागतो, तज्ज्ञांची समिती तो वाचते आणि प्रश्न विचारते, जाहीरपणे.

नर्मदाकाठ

तोरणमाळ यांनी १०७ चा उल्लेख केला म्हणून लिहिते. आमच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यातली ३३ गावं सरदार सरोवर धरणाच्या बुडितात आली. नर्मदा पाणी लवादाच्या १९७९ च्या निवाड्यात जमिनीला जमीन होती, पण कोणाला, तर ज्यांच्या नावावर सातबारा आहे त्यांना. आमच्याकडे डोंगरावरची नेवाड शेती, बापजाद्यांनी कसलेली, वनखात्याच्या कागदावर ती सगळी अतिक्रमण. म्हणजे ज्या जमिनीवर पिढ्या वाढल्या त्या जमिनीचे आम्ही चोर ठरलो.

तेव्हा हाच १९५७ चा करार कामाला आला. आयएलओच्या तज्ज्ञ समितीने सरदार सरोवराबद्दल भारत सरकारला प्रश्न विचारले, कारण करार परंपरागत वहिवाट मानतो, कागद आहे की नाही हे तो बघत नाही. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ च्या अहवालात पण याच कराराचा आधार घेऊन सांगितलं की ज्यांना अतिक्रमणदार म्हणताय त्यांचाही हक्क आहे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बँकेच्या कर्जाचा राहिलेला भाग बंद झाला. धरण थांबलं नाही, घरं बुडायची ती बुडाली, ते दुःख वेगळं आहे आणि ते अजून गेलेलं नाही. पण अतिक्रमणदार हा शिक्का खोटा आहे हे जगासमोर पहिल्यांदा मांडलं गेलं ते त्या जुन्या, मिसळून टाका म्हणणाऱ्या कराराच्या जोरावर. वनहक्क कायद्यात ऐतिहासिक अन्याय हे शब्द आले ते २००६ मध्ये, म्हणजे बरीच वर्षं नंतर. आता विचार करा, जुन्या कराराने एवढं झालं तर नव्याने काय होईल. त्यात तर विस्थापित करायचं असेल तर लोकांची मोकळी आणि सगळं समजून दिलेली संमती पाहिजे असं कलम १६ मध्ये आहे.

पेणवाला

मी रायगडचा, कातकरी वाड्यांवर शाळाबाह्य मुलांचं काम करतो. वर कोणीतरी पाचवी अनुसूची म्हणालं म्हणून सांगतो की रायगड पाचव्या अनुसूचीत नाही!! महाराष्ट्रातले १३ जिल्हे त्यात (काही पूर्ण, बरेचसे अर्धेमुर्धे) आहेत, त्यात रायगड नाही. म्हणजे पेसा इथे लागूच नाही. आणि कातकरी ही केंद्राच्या यादीतली अतिमागास जमात आहे, महाराष्ट्रातल्या तीनच जमाती त्या यादीत आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. सगळ्यात जास्त संरक्षणाची गरज असलेला समाज आणि तो राहतो तिथे संरक्षणाचा कायदा नाही असं हे आहे.

बऱ्याच वाड्या खाजगी मालकाच्या जमिनीवर आहेत, पिढ्यान्पिढ्या. पूर्वी मालकाला शेतावर मजूर लागायचे म्हणून त्यानेच वसवलेल्या. आता जमिनीला सोन्याचा भाव आला, मुंबईवाले फार्महाऊस घेतात, मालक जमीन विकतो आणि नवा मालक तारेचं कंपाउंड घालतो, वाडी आत राहते, कधी रस्ता बंद होतो कधी बोअरवेल. माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली असतात, परत येतात तेव्हा बघतात तर हे. गावठाण जाहीर करा म्हणून अर्ज वर्षानुवर्षं पडून.

१६९ मध्ये नकाशा नाही, माणसं आहेत. कातकरी पेणला राहो की जव्हारला, हक्क त्याच्याबरोबर चालतो. माझ्यासाठी तरी हा करार मागायचं हेच कारण पुरेसं आहे.

काणकोणकार

गोव्याचीही तीच गत. गावडा, कुणबी, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त होऊन चाळीस वर्षं उलटल्यावर, आणि पाचव्या अनुसूचीचा एक इंचही प्रदेश गोव्यात नाही. केपे, सांगे, काणकोण इथे खाणी आणि अभयारण्य या दोन्हींच्या मधे आमची माणसं. वनहक्काचे दावे करून किती वर्षं झाली, कुमेरीची म्हणजे फिरत्या शेतीची जमीन, काजूची झाडं, देवराई, सगळं दाखवून झालं, मोजणी झाली, फायली फिरतायत. पेणवाल्यांनी म्हटलं त्याला माझा दुजोरा. मसुद्यात "अनुसूचित क्षेत्राबाहेरचे आदिवासी" असा वेगळा मुद्दा घाला.

कलम२२६

मी वकील आहे, हायकोर्टात प्रॅक्टिस करते, थोडं कायद्याच्या बाजूने.

पहिली गोष्ट, करार मंजूर करायला संसदेत मतदान लागत नाही, केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय पुरतो. आयएलओचे करार श्रम मंत्रालयाकडे असतात, त्यामुळे नुसतं आदिवासी कार्य मंत्रालयाला पत्र पाठवलं तर ते उत्तर देतील की हा विषय आमचा नाही. दोघांना पाठवा. दुसरं म्हणजे भारताची पद्धत अशी की आधी देशातला कायदा कराराशी जुळवायचा आणि मग मंजुरी द्यायची. बालमजुरीचे दोन करार, १३८ आणि १८२, आपण २०१७ मध्ये मंजूर केले, त्याच्या आदल्या वर्षी बालमजुरी कायदा दुरुस्त केला होता. मग इथे काय बाकी आहे? वनहक्क कायदा आहे, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ४१ मध्ये अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती आहे. पाया घातलेला आहे.

आता कागदाने काय होतं या प्रश्नाचं उत्तर. विशाखा निकाल सगळ्यांना माहीत आहे, कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ, १९९७. तेव्हा देशात त्यावर कायदाच नव्हता. सुप्रीम कोर्टाने भारताने १९९३ मध्ये मंजूर केलेला स्त्रियांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार हातात घेतला आणि त्याच्या आधारावर नियम घालून दिले, संसदेचा कायदा आला २०१३ मध्ये. मधली सोळा वर्षं ऑफिसात काम करणाऱ्या बायकांना जे काही संरक्षण होतं ते त्या कागदामुळे होतं.

आणि नियमगिरीचा निकाल वाचा, एप्रिल २०१३. ओडिशातल्या डोंगरिया कोंध आदिवासींचा डोंगर, बॉक्साइटची खाण. कोर्टाने त्यात १०७, १६९ आणि २००७ चा जाहीरनामा या तिघांची नावं घेतली आणि पुढे नोंद केली की यातल्या फक्त १०७ वर भारत आहे. मला ती ओळ वाचून फार वाईट वाटलं होतं, कारण न्यायाधीशांच्या समोर चांगलं हत्यार होतं आणि सरकारने त्यावर मान्यतेची मोहोर केलेली नव्हती. तरीही कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हणून सांगितलं, १२ गावांच्या ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं आणि खाण गेली. बेलीझ नावाचा छोटा देश आहे मध्य अमेरिकेत, तिथल्या मुख्य न्यायाधीशांनी तर जाहीरनामा आल्यावर सव्वा महिन्यात, ऑक्टोबर २००७ मध्ये, त्याचा आधार घेऊन माया लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला.

सह्यकडा

वकीलताईंचं उत्तर पटण्यासारखं आहे, विशाखाचं मला माहीत होतं पण असा संबंध लावला नव्हता. पण संमती या शब्दापाशी मी अडतो. संमती म्हणजे नकाराधिकारच ना? मग एखाद्या गावाने नाही म्हटलं की धरण नाही, रस्ता नाही, वीज नाही. शहरात राहणाऱ्या कोट्यवधी लोकांचं काय?

मोखाडा

शहराचं काय विचारता म्हणून सांगते. मुंबईला पाणी कुठून येतं? तानसा, वैतरणा, भातसा. शहापूर, मोखाडा, वाडा. आदिवासी तालुके सगळे. पाइपलाइन आमच्या दारावरून जाते आणि मार्च लागला की आमच्या बाया हंडे घेऊन दोन दोन डोंगर उतरतात, टँकरची वाट बघतात. कोणी आमच्याकडून संमती घेतली होती? घेतली असती तर आमच्या लोकांनी मुंबईला पाणी नाही दिलं असतं असं वाटतं तुम्हाला? दिलं असतं. पण आधी आमच्या पाड्यात नळ द्या म्हणून सांगितलं असतं. एवढं सांगायची संधी मिळणं म्हणजेच संमती हो दादा. विचारलंच नाही तर माणूस सांगणार कधी?

तोरणमाळ

ताई, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पत्रात टाकावा असं वाटतंय.

सह्यकडा, कायद्याच्या भाषेत उत्तर असं की १६९ मध्ये सरळ नकाराधिकार नाही. विस्थापन अपवाद म्हणून, आणि संमती मिळालीच नाही तर कायद्याने ठरवलेली प्रक्रिया, जाहीर चौकशी, लोकांचं म्हणणं मांडायची पुरेशी सोय, हे सगळं केल्यावरच. शिवाय तेवढ्याच प्रतीची जमीन, आणि कारण संपलं की परत जायचा हक्क. जमिनीखालचं खनिज सरकारचं असेल तरी शोध घेण्याआधीच विचारायचं आणि शक्य तिथे फायद्यात वाटा द्यायचा, हे कलम १५. २००७ चा जाहीरनामा याच्या पुढे जातो, मला स्वतःला तोच जास्त योग्य वाटतो, पण बंधनकारक १६९ आहे म्हणून आधी तो मागायचा.

आपल्याकडे आज काय चाललंय तर पेसामध्ये भूसंपादनाआधी सल्लामसलत, आणि सल्लामसलत म्हणजे नोटीस लावली, सभा घेतली, वहीवर अंगठे घेतले, झालं. खाखा समितीचा २०१४ चा अहवाल आहे सरकारनेच नेमलेल्या समितीचा, त्यात म्हटलंय की लोकसंख्येत आदिवासी आठ टक्के पण विस्थापितांमध्ये चाळीस टक्के असल्याचा अंदाज आहे. देशाच्या विकासाची किंमत कोणी भरली ते यावरून दिसतं.

एटापल्लीचा_पोरगा

मी माडिया आहे, एटापल्ली तालुक्यातला, आता नागपूरला शिकतो. सगळं वाचलं. आमच्याकडची एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही ती सांगतो.

आमच्याकडे गाव एकटं नसते, इलाका असते. किती तरी गावं मिळून एक इलाका, त्याची देवं एक, जत्रा एक, जंगलाच्या हद्दी ठरलेल्या, भांडण झालं तर इलाक्याची माणसं बसतात. डोंगर एका गावाच्या हद्दीत असला तरी डोंगरावरचा देव सगळ्या इलाक्याचा असतो. सरकारच्या नकाशात हे काहीच नाही. सरकार एका ग्रामपंचायतीला विचारते, कधी कधी तेही नाही, आणि मोठ्या खाणीची सुनावणी घ्यायची तर ती आमच्या गावापासून खूप लांब जिल्ह्याच्या ठिकाणी घेते, जिथे जायला म्हाताऱ्या माणसाला आदल्या दिवशीच निघावं लागते. कागद सगळे इंग्रजीत नाहीतर मराठीत. माझी आजी फक्त माडिया बोलते.

आणि हेही सांगतो, गावात सगळे एका मताचे नाहीत. माझ्याच वयाची पोरं खाणीवर कामाला आहेत, ट्रक चालवतात, त्यांच्या घरी पहिल्यांदा दर महिन्याला पैसा येऊन राहिला, त्यांना मी चूक म्हणत नाही. नक्षल आणि पोलीस यांच्या मधात आमचं बालपण गेलं, बोलायला पण लोक भ्यायचे. म्हणूनच म्हणतो की विचारायची पद्धत ठरवून द्या. आमच्या भाषेत, आमच्या इलाक्याच्या बैठकीत, वेळ देऊन, बंदुका बाजूला ठेवून. मग आमचे लोक हो म्हणोत का नाही म्हणोत, ते आमचं असेल. तुम्ही जे म्हणता ना त्यांच्याच संस्थांमार्फत विचारा, ते कलम मला पाहिजे. त्याच्यासाठी मी सही करीन.

नर्मदाकाठ

पोरा, फार नीट मांडलंस. ते कलम ६ आहे, संबंधित लोकांच्या स्वतःच्या प्रातिनिधिक संस्थांमार्फत, प्रामाणिकपणे, सहमती होण्याच्या हेतूने सल्लामसलत. इलाका ही तशीच संस्था आहे.

आणि गडचिरोलीनेच देशाला दाखवून दिलंय की ठरवण्याचा हक्क गावाकडे आला तर काय होतं. मेंढा-लेखा! "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्यांचीच. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, जवळपास १८०० हेक्टर जंगल, २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः तिथे आले आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जंगल संपलं का? नाही. सगळे निर्णय सर्वसहमतीने घेतात, वेळ लागतो, पण घेतात. जिनिव्हातल्या कराराची भीती ज्यांना वाटते त्यांनी एकदा मेंढ्याला जाऊन यावं, करारात जे लिहिलंय ते तिथे माणसं जगतायत.

व्हँकुव्हरकर

परदेशातून लिहितोय, इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून. २००७ मध्ये विरोधात मत देणाऱ्या चार देशांत कॅनडा होता, बाकीचे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. चौघांनीही नंतर भूमिका बदलली, २००९ आणि २०१० मध्ये, कारण देशातल्या आदिवासींनी आणि बाकी नागरिकांनी सरकारचा पिच्छा सोडला नाही. आमच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीरनाम्याशी प्रांताचे कायदे जुळवायचा कायदा केला, केंद्राने २०२१ मध्ये केला.

पण त्याने सगळं बदललं असं कोणी समजू नये. कायदा होऊन तीन महिने झाले नाहीत तोच वेट्सुवेटेन लोकांच्या जमिनीवरून गॅसची पाइपलाइन न्यायला पोलीस घुसले, वंशपरंपरागत प्रमुखांनी संमती दिली नव्हती, निवडून आलेल्या काही बँड कौन्सिलांनी दिली होती. एटापल्लीच्या मित्राने इलाका आणि ग्रामपंचायतीचं जे सांगितलं ते हुबेहूब हेच. म्हणून पत्रात संस्था कोणती हे नीट लिहा, नाहीतर सरकार सोयीची संस्था निवडतं. बदल झाला तो असा की आता इथे प्रत्येक खात्याला उत्तर द्यावं लागतं, कायदा काय म्हणतो आणि तुम्ही काय केलं, आणि लोक कोर्टात जातात तेव्हा हात रिकामे नसतात.

इथे आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाची सुरुवातसुद्धा ही जमीन कोणाची आहे त्यांची नावं घेऊन होते. चांगली गोष्ट आहे. पण तेच लोक भारतातल्या आदिवासींचा विषय निघाला की गप्प होतात याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून मी आमच्या मंडळातही हा धागा पाठवणार आहे.

कलम२२६

व्हँकुव्हरकरांनी कोर्टाचं काढलं म्हणून अजून एक. नॉर्वेत फोसेन इथे पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथल्या मूळनिवासी सामी लोकांच्या रेनडिअर चराईच्या जमिनीवर. २०२१ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने परवाने बेकायदा ठरवले, आधार घेतला नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ चा. त्या करारात भारतही १९७९ पासून आहे. म्हणजे हरित ऊर्जेचा प्रकल्प असला तरी लोकांच्या संस्कृतीचा हक्क चिरडून चालत नाही. आपल्याकडेही आता सौर आणि पवन प्रकल्पांसाठी जमिनी चालल्यात, हे लक्षात ठेवा.

आयएलओकडे थेट ग्रामसभेला तक्रार करता येत नाही, कामगार संघटना किंवा मालक संघटनेमार्फत जावं लागतं. तेव्हा आपल्या कामगार संघटनांनाही या मागणीत घ्या, वीटभट्टी, ऊसतोड, जंगल कामगार यांच्यात आदिवासी किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे.

तोरणमाळ

मसुदा टाकतोय, सुधारणा सुचवा.

"माननीय खासदार, भारताने १९५८ मध्ये आयएलओ करार १०७ मंजूर केला आणि २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले. परंतु १९८९ चा करार १६९ अद्याप मंजूर केलेला नाही. हा करार टोळीसमाजांनाही लागू असल्याने भारतातील सर्व अनुसूचित जमाती त्यात येतात, आणि मूळनिवासी कोण या वादात न पडता तो मंजूर करता येतो. आमची विनंती आहे की आपण संसदेत श्रम मंत्रालय व आदिवासी कार्य मंत्रालय यांना विचारावे की या मंजुरीत नेमक्या कोणत्या अडचणी आहेत, त्या दूर करण्यासाठी काय केले, आणि मुदत काय. प्रकल्पांपूर्वी आदिवासींच्या स्वतःच्या पारंपरिक संस्थांमार्फत, त्यांच्या भाषेत, पुरेसा वेळ देऊन संमती घेण्याची पद्धत कायद्याने ठरवावी. अनुसूचित क्षेत्राबाहेर राहणाऱ्या आदिवासींनाही हे संरक्षण मिळावे. २००७ मध्ये दिलेले मत कोणासाठी होते हे भारताने जगाला स्पष्ट सांगावे."

नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर हे चार राखीव मतदारसंघ, तिथे आम्ही देऊच. पण ४८ पैकी चारच खासदारांनी विचारलं तर तो चार जणांचा प्रश्न राहतो. पुणे, ठाणे, कोल्हापूर, मुंबईच्या लोकांनी द्यायला पाहिजे.

सह्यकडा

मी पुण्याचा. माझ्या खासदारांच्या ऑफिसात मी स्वतः नेऊन देतो, पोच घेतो. फक्त "मुदत काय" च्या पुढे "लेखी उत्तर द्यावे" असं घाला, तोंडी आश्वासन नको. आणि देशाच्या अखंडतेचं ४६ वं कलम एका ओळीत घाला, माझ्यासारखे अजून बरेच असतील ज्यांना तीच शंका येईल.

पेणवाला

रायगडसाठी मी बघतो. गावठाणाच्या प्रलंबित अर्जांची यादी जोडली तर चालेल का? नाहीतर ते वेगळं द्यावं?

कलम२२६

वेगळं द्या. ते जिल्हाधिकाऱ्यांचं काम आहे, या पत्रात घातलं तर खासदार तेवढंच उचलून जिल्ह्याकडे पाठवतील आणि कराराचा विषय बाजूला पडेल. लोकसभेच्या याचिका समितीकडे पण जाता येतं, त्यावर खासदाराची प्रतिस्वाक्षरी लागते, ज्यांचे खासदार तयार होतील त्यांनी मला व्यनि (खाजगी निरोप) करा, याचिका मी तयार करून देते, फी नाही.

एटापल्लीचा_पोरगा

माडियात मी करून देतो, लिहून पण आणि बोलून रेकॉर्डिंग पण, कारण आमच्याकडे वाचणारे कमी. पावरी आणि भिलीत कोणी करणार का?

नर्मदाकाठ

पावरी माझ्याकडे. भिलीसाठी धडगावच्या एका शिक्षकांना विचारते, वारलीसाठी मोखाडाताई आहेतच. सह्यकडा यांनी सांगितलेल्या दोन्ही दुरुस्त्या करून तोरणमाळ यांनी मसुदा परत टाकावा, मग भाषांतराला घेऊ, हिवाळी अधिवेशनाच्या आधी खासदारांच्या हातात पडला पाहिजे कारण प्रश्नाची नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते.